पस्तीस चेहरे आणि लोखंडाचं मीठ

मी लोखंडाचं मीठ बोलतोय. स्वयंपाकघरातल्या मिठाशी माझं नातं आडनावापुरतं. मला कुणी भाजीत घालत नाही. कागदोपत्री माझं नाव फेरिक अमोनियम सायट्रेट. ते उच्चारताना माणसाची जीभ दोनदा अडखळते, म्हणून ज्या घरात मी राहिलो तिथे मला नुसतं ‘हिरवा’ म्हणत.

लोखंड, लिंबातलं आम्ल आणि अमोनिया यांच्यापासून मी झालो. पाकासारखा पातळ असताना मला कुणीतरी काचेच्या तक्त्यांवर पसरलं, वाळवलं आणि खरवडून काढलं. त्यामुळे मी पूड नाही, माशाच्या खवल्यांसारखे चकचकीत हिरवे पापुद्रे आहे. माझा एक तपकिरी भाऊबंदही त्याच कारखान्यात तयार होई. तो बहुतेक रक्तवाढीच्या औषधात जाई आणि लोकांच्या पोटात शिरून पुण्य कमावी. मला तपकिरी काचेच्या बाटलीत भरलं, घट्ट झाकण लावलं आणि एका फोटो स्टुडिओत पाठवलं.

स्टुडिओ दोन सख्ख्या भावांचा होता. खाली दुकान, मागे अंधारी खोली, वर थोरल्याचा संसार. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. तो जेवायला वर आणि झोपायला दुकानात असे. गावभरचे फोटो यंत्रावर निघत असताना हे दोघे अजून हाताने छापे काढत. जाड कागदावर लोखंडाचं आणि चांदीचं मीठ ब्रशने फासायचं, अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून काचेच्या चौकटीत दाबायचं आणि उन्हात ठेवायचं. थोरला फोटो घेई आणि शेवटी छापे धुई. मधलं सगळं धाकट्याकडे.

माझं काम काय, ते इथेच सांगून टाकतो. कागदावर ऊन पडलं की बदलतो तो मी. बदललो की शेजारच्या चांदीला जागं करतो, आणि तिचे बारीक कण कागदावर तपकिरी चित्र होऊन बसतात. एवढं झालं की मी तिथून निघून जायला हवं. चित्र चांदीचं असतं, माझं नसतं. मी कागदाच्या धाग्यांत दडून राहिलो तर त्याच चांदीला हळूहळू खातो. म्हणून धुताना पहिलं पाणी आंबट लागतं, चिमूट-दोन चिमूट सायट्रिक ॲसिड टाकलेलं. त्यात मी मुकाट्याने सुटून येतो. साध्या पाण्यात, त्यातून ते क्षारांचं असलं, तर मी गंजासारखा धाग्याला चिकटतो. मग आपणहून निघणं मला जमत नाही.

भावांच्या फळीवर माझ्याशेजारी फेरिक ऑक्झॅलेटची बाटली होती. थोरल्याचा जीव त्याच्यावर. गावातल्या दोरखंडाच्या कारखान्यातून मोठं काम आलं, तेव्हा दोघांत पहिल्यांदा वाद झाला. कारखान्यात सगळ्यात जास्त वर्षं काम केलेल्या छत्तीस माणसांचे चेहरे कामगारांच्या सभागृहात कायमचे लावायचे होते.

“ऑक्झॅलेट घे,” थोरला म्हणाला. “उजेडापासून काळोखापर्यंतची प्रत्येक पायरी दाखवतो.”

“दाखवतो, पण विरघळवला की महिन्या-दोन महिन्यांत विटतो. आणि प्रत्येक बाटली वेगळी वागते,” धाकटा म्हणाला. “आपल्याला छत्तीस छापे एका जातीचे हवेत, दादा. हिरवा सरळमार्गी आहे. तू निगेटिव्ह जरा कडक काढ, काळं-पांढरं ठसठशीत; बाकीचं माझ्याकडे लागलं.”

“बिघडलं तर तुझ्या माथी.”

“बरं, माझ्या माथी.”

असा मी निवडला गेलो. खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटलं. एरवी निवडून घेतलं जाण्याचा योग आमच्या जातीला क्वचित.

ती माणसं एकेक करून स्टुडिओत आली. धुतलेले कपडे घालून, केस चापून बसवून. काथ्याने सोललेले तळवे कुठे ठेवावे ते त्यांना कळत नसे. थोरला मोठा खुबीचा माणूस, म्हणे, “हात मांडीवर राहू द्या. हातच तर हवेत मला.” पीळ घालणाऱ्या खात्यातली एक बाई होती, साठीच्या आसपासची. तिने विचारलं, “हे किती वर्षं टिकेल?” धाकटा अंधाऱ्या खोलीच्या दारातून म्हणाला, “तुमच्या नातवंडांची नातवंडं बघतील.” ती हसली, आणि थोरल्याने नेमका तेव्हा फोटो घेतला.

तीन आठवडे काम चाललं. सभागृहाचं उद्घाटन तोंडावर आलं. धाकटा सकाळपासून गच्चीवर चौकटी उन्हात मांडी, उतरवी, आणि थोरला खाली मोरीत धुई. त्याच वर्षी इमारतीला नवी बोअर मारली होती. शेवटच्या दोन दिवसांत तर सगळेच छापे धुवायला पडले. धाकट्याने जिन्यातून विचारलं, “दादा, आंबट पाण्यातून काढतोयस ना?”

“काढतोय,” खालून आवाज आला.

धाकट्याला दादाच्या शब्दावर शंका घ्यायची सवय नव्हती. वजनकाट्यावरच्या माणसाच्या छाप्यावर त्याच्या स्वतःच्याच अंगठ्याचा डाग पडला होता, तो एवढा त्याने दुसऱ्या दिवशी नव्याने काढला आणि स्वतः धुतला. पण सभागृहाच्या भिंतीवर पस्तीसच चौकटी मावल्या, उशिरा आलेली ही बाहेर राहिली. काटेवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याचा छापा स्टुडिओच्या खणात गेला.

उद्घाटनाला गर्दी झाली म्हणे. आम्ही बाटल्या जात नाही असल्या ठिकाणी.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी सभागृहाचा चिटणीस दुकानात आला आणि बाहेरूनच म्हणाला, “जरा येऊन बघता का दोघं?” ते गेले आणि संध्याकाळी परतले, तेव्हा धाकटा काउंटरवर डोकं टेकून बसला. त्याने वहिनीला जे सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं. पस्तीसही छापे पिवळे पडले होते. कपडे, खुर्च्या थोड्याफार उरल्या होत्या. चेहरे विरत चालले होते. पीळवाली बाई आपल्याच फोटोसमोर उभी होती. ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, “मी अजून आहे की. मला आत्ताच का पुसलंत?”

“मी हात जोडले तिच्यासमोर,” धाकटा म्हणाला. “म्हटलं, बाई, माझं चुकलं. माझ्या मिठाने घात केला.”

थोरला तिथेच स्टुलावर बसला होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “हं. मी सांगितलंच होतं ऑक्झॅलेट घे म्हणून.”

त्यानंतर भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. धाकट्याने अंधाऱ्या खोलीत जाणं सोडलं. जेवताना खाली मान. पंधरवड्यात त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्याची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्याची नोकरी धरली. निघताना कपड्यांची पेटी घेतली, आणि मला. मला का, ते मला कळलं नाही. वैऱ्याला कुणी बरोबर नेतं का? पण नेलं खरं.

अकरा वर्षं मी त्याच्या खोलीत कपाटावर होतो. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कधी आलीच नाही. तो सकाळी जाई, संध्याकाळी येई, स्वतःपुरता भात टाके. रविवारी माझ्यावरची धूळ पुसे आणि परत ठेवी. झाकण एकदाही उघडलं नाही. अपराधी माणसाशी घरातले जसं बोलायचं टाळतात पण ताट मात्र वाढतात, तसं ते होतं. रागाने मला फेकून दिलं असतं तर सुटलो असतो असं कधी कधी वाटे. आतल्या आत माझे पापुद्रे थोडे ओलसर होऊन एकमेकांना चिकटत गेले.

स्टुडिओकडून कुणी येत नसे. वहिनी वारल्या तेव्हा तो जाऊन आला.

मग एका रविवारी दारावर टकटक झाली. थोरल्याची मुलगी होती. काका घर सोडून गेले तेव्हा शाळेत होती, आता तिने स्टुडिओ हातात घेतला होता. बसायला खुर्ची एकच, म्हणून ती खाटेवर टेकली. इकडचं तिकडचं न बोलता तिने पिशवीतून एक पुठ्ठा काढला.

“काका, मला हाताने छापे काढायचेत. बाबा म्हणतात ऑक्झॅलेटच घे, दुसऱ्या कशाचं नाव काढू नकोस. पण खण आवरताना हा मिळाला. हा कशाने काढलाय?”

काटेवाल्याचा छापा. त्याच्या मिशीचा एकेक केस दिसत होता. पांढऱ्या भागांत पिवळेपणाचा लवलेश नाही.

धाकट्याने तो हातात घेतला. मग उठून खिडकीपाशी गेला, छापा उजेडात तिरपा धरला. “हा हिरव्यानेच काढलाय,” तो म्हणाला. “त्याच बाटलीतला. त्याच दिवसांतला.” आणि थोड्या वेळाने, “मग हा असा कसा?”

“बाकीच्यांत आणि ह्याच्यात फरक काय होता?”

“काही नाही. हा मी धुतला होता.”

बोलून झाल्यावर त्याला आपलं वाक्य ऐकू आलं असावं.

पुढच्या रविवारी ती स्टुडिओच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आली, आणि काटेवाल्याचं निगेटिव्ह, चांदीचं मीठ, जाड कागद. त्याने मला खाली काढलं. झाकण हाताने फिरेना. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून फिरवलं. अकरा वर्षांनी उजेडाची एक बारीक कड आत आली. लाकडी चमच्याने त्याने मला खरवडलं, हुंगलं, बोटांत चुरलं. “गोळा झालाय, पण बिघडलेला नाही,” तो म्हणाला. त्या एका वाक्याची मी इतकी वर्षं वाट बघत होतो, हे ते ऐकल्यावरच मला समजलं.

एक छापा काढून त्याने तो उन्हातून आणल्या आणल्या मधोमध कापला. अर्धा चेहरा नळाच्या पाण्यात धुतला, अर्धा आंबट पाण्यात. पुढचे सोपस्कार दोन्ही अर्ध्यांना सारखेच. नळाच्या पाण्यात लाल लिटमस बुडवला तर तो निळा झाला; बोअरचं पाणी क्षारांचं होतं. दोन्ही तुकडे त्याने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या खिडकीला चिकटवले, जिथे दिवसभर ऊन येतं. सहा आठवड्यांनी ते खोलीवर आणून टेबलावर जोडून ठेवले, तेव्हा काटेवाल्याचा आंबट पाण्यातला डावा गाल खणखणीत होता आणि उजवा आजाऱ्यासारखा पिवळा.

मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे बाबांनी आंबट पाणी घातलंच नव्हतं.”

“असं म्हणू नकोस,” तो पटकन म्हणाला. वडिलांबद्दल मुलीने असं बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. ते खोटं आहे असं तो म्हणाला नाही.

आठ दिवस त्याने काढले. मग मला आणि ते दोन तुकडे कापडी पिशवीत घालून तो स्टुडिओवर गेला. पिशवीचं तोंड उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं, थोडं दिसलंही. थोरला काउंटरमागे होता. फार वाळला होता.

“ये,” तो म्हणाला. “बस.”

धाकटा बसला नाही. त्याने अर्धे-अर्धे तुकडे काउंटरवर जोडून ठेवले. थोरल्याने चष्मा लावला, पाहिलं आणि चष्मा काढला.

“तू आंबट पाणी घातलं नव्हतंस.”

“नव्हतं.”

“मी विचारलं होतं.”

“विचारलं होतंस. ॲसिड संपलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू आणायला गेला असतास, सगळे छापे तसेच पडले असते, उद्घाटन दोन दिवसांवर. वाटलं, एवढ्याने काय होतंय. सगळे धुऊन झाल्यावर पुडा आणून ठेवला.”

“आणि नंतर? पिवळे पडल्यावर?”

थोरला काउंटरच्या काचेवरचा डाग नखाने खरवडत बसला. “मी सांगणार होतो,” तो म्हणाला. “पण तू आधीच म्हणालास, माझं मीठ चुकलं. मी त्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवसाचं गप्प बसणंही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं. मग ते वाढतच गेलं.”

“अकरा वर्षं.”

“हो.”

“मी त्या बाईपुढे हात जोडले, दादा.”

“मी तिथेच होतो.”

“हो,” धाकटा म्हणाला. “तू तिथेच होतास.”

आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. धाकट्याने मला पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं. “निगेटिव्ह जपून ठेवली असशील. पस्तीस छापे होतील एवढा हा आहे. ते आधी कर.”

“तू येशील का कागदाला लावायला? माझा ब्रश सारखा फिरत नाही.”

“तिला शिकव,” तो म्हणाला, आणि गेला. जाताना त्याची पाठ ताठ होती. एवढी ताठ मी त्या खोलीत कधी पाहिली नव्हती.

पस्तीस छापे झाले. मुलीने फासले, थोरल्याने धुतले. ॲसिडचे पुडे त्याने आधीच चार आणून ठेवले होते. प्रत्येक पाण्यात तो लिटमस बुडवी आणि मगच छापा सोडी. पीळवाल्या बाईचा छापा धुताना तो मोरीत इतका वेळ उभा राहिला की मुलीने स्टूल आणून दिलं. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. छापा बघायला त्यांची लेक आली, तेव्हा थोरल्याने तिला सगळं सांगितलं: चूक कुणाची, खोटं कोण बोललं, माफी भलत्याच माणसाने मागितली. तिने ऐकून घेतलं. “आई शेवटपर्यंत म्हणायची, त्या पोराने निदान कबूल तरी केलं,” ती म्हणाली.

छापे सभागृहात लागले. धाकटा त्या दिवशी आला नाही. नंतर कधीतरी भरदुपारी, सभागृह रिकामं असताना तो येऊन गेला, असं दारावरच्या माणसाने मुलीला सांगितलं. प्रत्येक चौकटीपुढे थांबला, म्हणे, आणि पाणी पिऊन निघून गेला.

मी आता पुन्हा स्टुडिओच्या फळीवर आहे. तळाला दोन बोटं उरलोय. मुलगी स्वतःच्या कामाला ऑक्झॅलेट वापरते. ते बरोबरच आहे. तिची निगेटिव्ह मऊ असतात, फिकट करड्या छटांची. माझ्या हातून ती निस्तेज उतरतात. एकदा तिने काकांना फोनवर विचारलं होतं, तेव्हा त्यांनीच सांगितलं म्हणे, “तुला ऑक्झॅलेट घे. हिरव्याला कडक निगेटिव्ह लागतं, तुझा तो स्वभाव नाही.” मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण ज्याने मला अकरा वर्षं दोषी धरलं त्याने आता मला योग्य कारणासाठी बाजूला ठेवलं, यात समाधान आहे.

तुम्ही कधी हाताने छापा काढायला बसलात तर आम्हा लोखंडाच्या मिठांतला जो हवा तो घ्या. निगेटिव्ह बघा, ऊन बघा, तुमच्या नळाचं पाणी बघा. फक्त काम झालं की आम्हाला नीट निरोप द्या. आम्हाला कागदात राहायचं नसतं. आणि काही बिघडलं, तर आधी मोरीत कोण उभं होतं ते विचारा. आम्हाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

परवा दुपारी दुकानात थोरला एकटाच होता. फोन वाजला. पलीकडचा आवाज मला फळीवरून ओळखू आला, दुकान तेवढं लहान आहे.

“हिरवा किती उरलाय?”

थोरल्याने स्टुलावर चढून मला खाली घेतलं, उजेडाकडे धरलं. बाटली हलवली, तसा मी आत खुळखुळलो. “तीनेक छाप्यांपुरता.”

थोरला फोन कानाला गच्च धरून उभा होता.

“ठेव,” धाकटा म्हणाला. “टाकू नकोस.”

“नाही टाकत.”

फोन बंद झाला. थोरल्याने मला सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि फळीवर मागच्या रांगेत न ठेवता पुढे, हाताशी ठेवलं.